चांगलें पत्र चाळणींत कां अडकतें?

आमच्या वाकोल्याच्या गल्ल्यांतून टपालवाला अजून फिरतो. परंतु घरांतील महत्त्वाचीं पत्रें त्याच्या पिशवींतून येण्याचे दिवस बहुतेक सरले आहेत. महाविद्यालयाच्या प्रवेशाची सूचना, नोकरीच्या मुलाखतीचें बोलावणें, आखातांत किंवा जहाजावर असलेल्या मुलाची खुशाली, इतकेंच काय पण विजेचें बिलसुद्धां आतां ईमेलनें येतें. तें वेळेवर आलें नाहीं म्हणजे आपण पाठविणाराला दोष देतों. पाठविणारा म्हणतो, "मीं तर कालच पाठविलें." दोघेहि खरें बोलत असतात, आणि तरीहि पत्राचा पत्ता नसतो. अशा वेळीं तें पत्र पुष्कळदां दारापर्यंत येऊन पोहोंचलेलें असतें. परंतु दाराशीं बसविलेल्या चाळणीनें त्यास कचरा समजून बाजूस टाकलेलें असतें. या चाळणीस स्पॅम फिल्टर म्हणतात. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या टपालाच्या संगणकांत ही चाळणी काम कसें करिते, ती चुकते कशी, आणि चूक हुडकावी कशी, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस समजेल अशा रीतीनें सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. पालकांनीं मधला यांत्रिक भाग वगळल्यास आमची हरकत नाहीं. मात्र १ जानेवारी २०१० ची हकीकत त्यांनीं अवश्य वाचावी. ती समजण्यास चौथीच्या वर्गांतील बेरीज पुरते.

चाळणी म्हटली म्हणजे घरांतील पिठाची चाळणी डोळ्यांपुढें येते. तिचीं भोंकें मोठीं असलीं तर कोंडा पिठांत उतरतो. फार बारीक असलीं तर चांगलें पीठहि वर राहून कोंड्याबरोबर फेकलें जातें. ईमेलच्या चाळणीचे असेच दोन दोष संभवतात. पहिला, कचरा आंत शिरणें. दुसरा, चांगलें पत्र बाहेर अडकणें. हे दोन दोष सारख्याच वजनाचे आहेत असें मानण्याची पुष्कळांस संवय असते, ती आम्हांस मान्य नाहीं. आंत शिरलेला कचरा दिसतो, त्रास देतो, आणि दोन सेकंदांत पुसून टाकतां येतो. अडकलेलें पत्र दिसत नाहीं. ज्यानें पाठविलें त्यास वाटतें, पोहोंचलें. ज्यास यावयाचें त्यास वाटतें, पाठविलेंच नाहीं. तक्रार करावयास कोणी उरतच नाहीं. म्हणून चाळणीची तपासणी करणारानें आपली बहुतेक सावधगिरी या दुसऱ्या दोषाकडे खर्चावी.

नको असलेल्या पत्रांची पीडा कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंतील एका संगणक-कंपनीचा विक्रेता गॅरी थर्क यानें ३ मे १९७८ रोजीं आपल्या मालाची जाहिरात त्या वेळच्या अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे चारशें लोकांस एकदम पाठविली. हें स्पॅमचें पहिलें उदाहरण समजतात. तें नांव मात्र मागाहून पडलें. मूळ स्पॅम हें डबाबंद मांसाचें १९३७ पासूनचें व्यापारी नांव. एका ब्रिटिश विनोदी नाटुकल्यांत तो शब्द इतक्या वेळां ओरडून म्हटला जातो कीं बाकीचें संभाषण ऐकूंच येऊं नये; त्यावरून गर्दी करून चांगल्या बोलण्यास बुडविणाऱ्या पत्रांस तो शब्द चिकटला. आपल्याकडे ईमेलचा वापर विद्यासंस्थांतून सुरू झाला. वाकोल्याहून रेल्वेचे रूळ ओलांडून पश्चिमेस गेलें कीं जुहू लागतें. तेथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एन.सी.एस.टी., हें १९८६ मध्यें निघालेल्या अर्नेट योजनेंतील आठ संस्थांपैकीं एक होतें, पवईची आय.आय.टी. ही दुसरी. जुहूचें तें केंद्र पुढें सी-डॅक या संस्थेंत सामील झालें. सामान्य नागरिकांस इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमामार्फत मिळूं लागलें, आणि मग कचराहि घरोघर येऊं लागला.

आतां यंत्राकडे वळूं. लिनक्स ही प्रणाली हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉर्वाल्ड्स यानें १९९१ मध्यें आरंभिली. जगांतील टपालाचे पुष्कळ संगणक तिच्यावर चालतात. कारण ती विनामूल्य मिळते आणि तिचें आंतील काम कोणासहि उघडून पाहतां येतें. अशा संगणकावर एकच प्रोग्रॅम सर्व कामें करीत नाहीं. पोस्टफिक्स नांवाचा प्रोग्रॅम बाहेरून आलेलें पत्र दारांत घेतो. स्पॅमअ‍ॅसॅसिन तें वाचून त्याची परीक्षा करितो. डव्हकॉट तें ज्याच्या त्याच्या पेटींत ठेवितो व मागितल्यावर काढून देतो. एक हमाल, दुसरा परीक्षक, तिसरा कपाटाचा कारकून, असें समजावें. पत्र हरवलें असतां कोणाच्या हातून हरवलें हें आधीं ठरविलें पाहिजे. कारकुनाच्या चुकीबद्दल परीक्षकास दटावून उपयोग नाहीं. येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: स्पॅमअ‍ॅसॅसिन स्वतः कोणतेंहि पत्र फाडून टाकीत नाहीं. तो पत्राच्या माथ्यावर आपला शेरा लिहितो, इतकेंच. त्या शेऱ्यावरून पत्र बाजूच्या पेटींत टाकावें कीं पुसूनच टाकावें, हें पुढच्या प्रोग्रॅमला व्यवस्थापकानें जसें सांगितलें असेल तसें होतें. जो व्यवस्थापक "शेरा पडतांच पुसा" अशी आज्ञा देतो तो, आमच्या मतें, फारच घाई करितो.

स्पॅमअ‍ॅसॅसिन हा जस्टिन मेसन यानें २००१ मध्यें लोकांपुढें ठेविला. २००४ पासून तो अपाचे या संस्थेच्या छत्राखालीं आहे. त्याची परीक्षा आपल्या शाळेच्या परीक्षेच्या अगदीं उलट असते. येथें जितके गुण अधिक तितकें पत्र वाईट. त्याजपाशीं शेंकडों लहान लहान नियम असतात. विषयाची ओळ सगळी मोठ्या रोमन अक्षरांत आहे काय, तारीख गाळली आहे काय, ज्या संगणकाकडून पत्र आलें तो बदनाम यादींत आहे काय, असे ते नियम. जो नियम लागू पडेल त्याचे गुण बेरजेंत मिळवावयाचे. चांगुलपणाचीं लक्षणें दिसलीं तर कांहीं गुण वजा करावयाचे. एकंदर बेरीज ५ किंवा अधिक झाली कीं पत्रावर स्पॅमचा शिक्का पडतो. हा ५ चा आंकडा मूळ प्रोग्रॅमबरोबर येतो. व्यवस्थापकास तो बदलतां येतो. या पद्धतींत एक मोठें शहाणपण आहे. एकट्या नियमाच्या साक्षीवर सहसा कोणास फांशीं दिलें जात नाहीं. बऱ्याच साक्षी जमाव्या लागतात. परंतु एकादा नियमच खोटी साक्ष देऊं लागला, आणि तीहि प्रत्येक पत्राविरुद्ध, तर काय होईल? याचें उत्तर १ जानेवारी २०१० रोजीं मिळालें.

प्रत्येक ईमेलच्या माथ्यावर तारीख असते. कचरा पाठविणारे एक युक्ति करीत: ते तारीख पुष्कळ पुढच्या वर्षाची घालीत, म्हणजे तारखेप्रमाणें लावलेल्या पेटींत त्यांचें पत्र सर्वांच्या वर दिसे. हिला उत्तर म्हणून स्पॅमअ‍ॅसॅसिनमध्यें एक नियम घातला गेला. तारखेंत दूरच्या भविष्यांतील वर्ष दिसलें तर पत्रास गुण द्यावे, असा त्याचा आशय. आशय निर्दोष होता. पण संगणकास "दूरचें भविष्य" हे शब्द समजत नाहींत. त्यास अंकांचा सांचा द्यावा लागतो. तो सांचा असा दिला गेला: आधीं २०, त्यापुढें १ ते ९ पैकीं कोणताहि एक अंक, त्यापुढें ० ते ९ पैकीं कोणताहि एक अंक. विद्यार्थ्यांनीं पाटीवर लिहून पाहावें. २००६ हें वर्ष या सांच्यांत बसत नाहीं, कारण तिसरा अंक ० आहे. २००९ हि बसत नाहीं. २०४७ बसतें, २०९९ बसतें. आणि २०१० ? दोन, शून्य, एक, शून्य: बरोबर बसतें. ज्या सुमारास हा नियम लिहिला गेला तेव्हां २०१० हें भविष्यच होतें. लिहिणारानें खोटें कांहींच लिहिलें नव्हतें. ३१ डिसेंबर २००९ च्या रात्रीं बारा वाजेपर्यंत नियम खरा होता, आणि बारा वाजून गेल्यावर, त्यांतील एकहि अक्षर न बदलतां, तो खोटा झाला.

मुंबईंत नवें वर्ष लंडनच्या साडेपांच तास आधीं लागतें, हें भूगोलाच्या तासाला आपण शिकलोंच आहों. तेव्हां समजा, त्या मध्यरात्रीं वाकोल्याहून एका बहिणीनें लंडनमधील भावास शुभेच्छांचें पत्र पाठविलें. पत्रावर शुक्रवार, १ जानेवारी २०१० ही तारीख पडली. लंडनच्या घड्याळांत गुरुवार, ३१ डिसेंबरची सायंकाळ, साडेसहा वाजलेले. तेथील टपालाच्या संगणकावर हा नियम असला तर त्याच्या मतें हें पत्र भविष्यांतून आलेलें. म्हणजे पूर्वेकडील देशांतून पाठविलेलीं पत्रें या नियमाखालीं आधीं सांपडावयाचीं, आणि युरोप-अमेरिकेंतील व्यवस्थापक अजून जुन्या वर्षांतच निश्चिंत बसलेले असावयाचे.

या नियमाचे गुण मांडणीप्रमाणें कमीअधिक होते. प्रकल्पाच्या त्या दिवशींच्या जाहीर सूचनेंत तो ३.६ पर्यंत गुण वाढवितो असें म्हटलें होतें. आतां बेरीज करूं. एकाद्या निरुपद्रवी पत्रास, त्यांत एक मोठें चित्र आहे म्हणून ०.७ आणि विषयाची ओळ मोठ्या अक्षरांत आहे म्हणून १.१ असे गुण पडले असें धरा. बेरीज १.८, पत्र सुखरूप. त्यांत खोट्या साक्षीचे ३.६ मिळवा: ५.४. पत्र स्पॅम ठरलें. तेंच पत्र आदल्या दिवशीं विनाहरकत गेलें असतें. येथें दुसरीहि गोष्ट दिसते. कांहीं व्यवस्थापक कचऱ्यास कंटाळून ५ ची मर्यादा खालीं आणून ३ करितात. तशा ठिकाणीं या एकट्या नियमानेंच, बाकी कोणतीहि साक्ष नसतां, नव्या वर्षाचें साधें पत्र दोषी ठरूं शकत होतें. चाळणीचीं भोंकें आवळण्याचा हा परिणाम आवळणाराच्या ध्यानांत येत नाहीं. तो कमी झालेल्या कचऱ्याकडे पाहून संतुष्ट असतो.

याहून शोचनीय गोष्ट अशी कीं ही चूक कोणाच्याच लक्षांत आली नव्हती असें नाहीं. ती आधींच दिसून आली होती, आणि पुढच्या आवृत्तीच्या मजकुरांत सुधारलीहि गेली होती. परंतु लोक जी जुनी आवृत्ति वापरीत होते तिच्या नियमांत ती सुधारणा पोहोंचविण्याचें राहून गेलें. वैद्याकडे औषध तयार होतें, पण रोग्याच्या घरीं गेलें नाहीं. १ जानेवारीस बोभाटा होतांच प्रकल्पानें त्याच दिवशीं नवे नियम प्रसिद्ध केले. सुधारणा एका अंकाची: १ ते ९ च्या जागीं २ ते ९. आमच्या चौकस वाचकांनीं हें ओळखलेंच असेल कीं अशा सुधारणेनें नियमास फक्त दहा वर्षांचें आयुष्य मिळतें. २०२० साल उजाडतांच तो सांचा पुन्हा खोटा ठरणार. आकड्यांचा सांचा बदलण्याऐवजीं पत्राची तारीख आजच्या तारखेशीं ताडून पाहणें हीच खरी रीत होय.

आतां मुख्य प्रश्न. ज्याच्या हातीं असा संगणक आहे त्यानें बिघाड हुडकावा कसा? कित्येक ठिकाणीं असें घडतें: तक्रार आली कीं व्यवस्थापक ५ ची मर्यादा ८ वर नेतो. अडकलेलीं पत्रें सुटतात, वाहवा होते, आणि आठवड्याभरांत लॉटरीचीं आणि खोट्या बँकांचीं पत्रें धो धो येऊं लागतात. ताप उतरला नाहीं म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखेंच हें. किंवा तो तक्रार करणाराचें नांव "नेहमीं येऊं द्या" या यादींत घालतो; एकाची तक्रार मिटते, पण जे तक्रार करूंच शकत नाहींत त्यांचीं पत्रें अडकलेलींच राहतात. हे दोन्ही उपाय कारण न पाहतां केलेले असतात. कारण तर पत्राच्या माथ्यावरच लिहिलेलें असतें!

अडकलेलें एक चांगलें पत्र घ्यावें आणि त्याचें संपूर्ण शीर्षक उघडावें. नेहमींच्या वाचनांत तें लपलेलें असतें. "मूळ पत्र दाखवा" अशा अर्थाच्या जागीं बोट ठेविलें कीं दिसतें. त्यांत स्पॅमच्या स्थितीची एक ओळ सांपडते. तिच्यांत क्रमानें होय किंवा नाहीं, पडलेले गुण, आवश्यक गुण, आणि लागू पडलेल्या नियमांचीं नांवें असतात. हें परीक्षकाचें गुणपत्रक होय. एका पत्रावरून निर्णय करूं नये. दहा-पंधरा चांगलीं पत्रें घ्यावीं आणि त्या सर्वांत समान असलेला नियम शोधावा. २०१० च्या प्रकरणांत असें करणारास पांच मिनिटांत उत्तर मिळण्यासारखें होतें, कारण सर्वांच्या गुणपत्रकांत तारखेचा तोच एक नियम. शीर्षकांत ही ओळच नसेल तर त्याचाहि अर्थ आहे: पत्र परीक्षकाकडे गेलेंच नाहीं. मग पोस्टफिक्सची रोजवही पाहावी. लिनक्सवर ती बहुधा व्हार या कपाटांतील लॉग या खणांत असते. नव्या प्रणालींत जर्नलसीटीएल या आज्ञेनें वाचतात. हमालानें पत्र दारांतूनच परत पाठविलें असेल तर त्याचें कारण तेथें एका ओळींत सांपडतें.

दोषी नियम सांपडल्यावर उपाय सोपा असतो. २०१० मध्यें दोन मार्ग सांगितले गेले. एसए-अपडेट ही आज्ञा चालवून नवे नियम आणावे. तें शक्य नसल्यास लोकल डॉट सीएफ या स्थानिक टिपणांत त्या एका नियमाचें नांव लिहून त्यापुढें शून्य गुण घालावे. शून्य गुणांचा नियम म्हणजे गप्प बसविलेला साक्षीदार. बाकीचे नियम जसेच्या तसे राहतात आणि मर्यादाहि ५ च राहते. टिपणांत हात घातल्यावर लिंट ही तपासणी चालवावी. ती शुद्धलेखनाची चूक, सुटलेला शब्द, अनोळखी सूचना दाखविते. आणि मग स्पॅमडी, म्हणजे पाठीमागें सतत जागा असलेला परीक्षक, पुन्हा सुरू करावा. ही शेवटची पायरी विसरली जाते. व्यवस्थापक टिपणांत दहा वेळां फेरफार करितो आणि कांहींच बदलत नाहीं म्हणून डोकें धरून बसतो. पण परीक्षकानें सकाळीं वाचलेलें जुनेंच टिपण त्याच्या स्मरणांत असतें, नवें त्यास कोणी दाखविलेलेंच नसतें.

चाळणी चुकण्याचीं दुसरीं कारणें पुष्कळ आहेत. त्यांतील तीन आम्हांस विशेष बोधप्रद वाटतात. पहिलें, मेलेल्या यादीवर विसंबणें. बदनाम संगणकांच्या याद्या ठेवणाऱ्या निरनिराळ्या संस्था असतात आणि टपालाचा संगणक प्रत्येक पत्राच्या वेळीं त्यांस विचारतो, "हा पाहुणा तुमच्या यादींत आहे काय?" ओआरडीबी नांवाची अशी एक संस्था डिसेंबर २००६ मध्यें बंद पडली. तिनें तसें जाहीर केलें. तरी असंख्य संगणक तिला सवाल करीतच राहिले. अखेर २५ मार्च २००८ रोजीं तिच्या संगणकानें प्रत्येक प्रश्नास "होय, आहे" असें उत्तर देण्यास आरंभ केला. ज्यांनीं सव्वा वर्षांत आपलें टिपण एकदांहि चाळून पाहिलें नव्हतें त्यांचीं चांगलीं-वाईट सर्वच पत्रें त्या दिवशीं दारांतून परत जाऊं लागलीं. आजहि असाच एक सांपळा आहे. स्पॅमहॉस ही यादी चालविणारी संस्था, सार्वजनिक नांवशोधकामार्फत आलेल्या प्रश्नास एक निराळें सांकेतिक उत्तर देते. त्याचा अर्थ "या वाटेनें विचारूं नका" एवढाच. पण जो संगणक कोणत्याहि उत्तरास "होय" समजण्यास शिकविलेला आहे तो सर्व पाहुण्यांस हाकलतो.

दुसरें कारण शिकवणीचें. स्पॅमअ‍ॅसॅसिनला उदाहरणें दाखवून शिकवितां येतें. अठराव्या शतकांतील इंग्रज धर्मोपदेशक थॉमस बेझ यांच्या संभाव्यतेच्या सिद्धांतावर ही विद्या आधारलेली आहे. त्यांचा तो निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्यें प्रसिद्ध झाला. बिचाऱ्यांस आपल्या गणिताचा उपयोग औषधांच्या खोट्या जाहिराती ओळखण्याकडे होईल असें स्वप्नांतहि आलें नसेल. किमान २०० चांगलीं व २०० वाईट पत्रें दाखविल्याखेरीज हा भाग मत देऊं लागत नाहीं. मौज अशी कीं व्यवस्थापक मुख्य अधिकाऱ्याच्या नांवानें, म्हणजे रूट होऊन, शिकवणी देतो. परीक्षक मात्र दुसऱ्याच नांवानें चालतो. प्रत्येकाची वही वेगळी. एका वहींत धडे लिहावे आणि परीक्षेच्या वेळीं दुसरी कोरी वही उघडावी, तसा हा प्रकार होतो. शिकवूनहि परिणाम दिसत नसेल तर कोणाच्या वहींत लिहिलें हें आधीं पाहावें.

तिसरें कारण आपल्या मराठीशीं निगडित आहे, म्हणून त्यावर थोडें अधिक लिहितों. ईमेलचे जुने नियम साध्या रोमन अक्षरांपुरते आखलेले होते. हल्लीं सर्व लिप्यांसाठीं जी यूटीएफ-८ ही लेखनपद्धति आहे तिच्यांत एका साध्या रोमन अक्षरास एक बाइट पुरतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन लागतात. 'वाकोला' हा शब्द घ्या. व, काना, क, ओकार, ल, काना अशीं सहा चिन्हें; म्हणजे अठरा बाइट. जुन्या वाटेनें ते सुखरूप जावे म्हणून पुष्कळ प्रोग्रॅम पत्रावर बेस-६४ नांवाचें वेष्टन चढवितात; त्यांत दर तीन बाइटांचीं चार रोमन चिन्हें होतात. आपल्या वाकोल्याचीं चोवीस! वेष्टनावर "आंत यूटीएफ-८ मजकूर आहे" अशी चिठ्ठी असली म्हणजे परीक्षक तें शांतपणें उघडतो. चिठ्ठी लावण्याचें पाठविणाराच्या प्रोग्रॅमनें टाळलें तर मात्र संशय येतो, कारण साधा मजकूर वेष्टनांत लपविणें ही कचरा पाठविणारांचीहि जुनी खोड आहे. या संशयासाठीं वेगळा नियमच आहे.

याखेरीज भाषा ओळखणारें एक जोड-उपकरण आहे. तें मूळांत बंद असतें. एकादा व्यवस्थापक परदेशी कचऱ्यास त्रासून तें सुरू करितो आणि "इष्ट भाषा" या सदरांत फक्त इंग्रजी लिहितो. इंग्रजी पत्रव्यवहाराच्या कचेरींत हें खपून जाईल. पण ज्या शाळेंत पालकांची निम्मी पत्रें मराठींत येतात तेथें त्याचा अर्थ असा होतो कीं आईनें मुलाच्या आजाराविषयीं लिहिलेलें पत्र नको असलेल्या भाषेंतील म्हणून गुण खातें, आणि इंग्रजींतील लॉटरीचें पत्र या एका बाबतींत निष्कलंक ठरतें. उपाय एका शब्दाचा आहे: इष्ट भाषांत मराठीचें दोन अक्षरी चिन्ह, एम आणि आर, घालावें. आम्ही तर हिंदीचेंहि चिन्ह घालण्यास सुचवितों, कारण लिपि एक असल्यामुळें चार ओळींच्या पत्रावरून या दोन भाषांत गल्लत होण्याचा संभव असतो. डिसेंबर २०२२ मध्यें निघालेल्या चौथ्या आवृत्तींत रोमनेतर लिप्यांची व्यवस्था पूर्वींपेक्षां चांगली केलेली आहे. तेव्हां जुनी आवृत्ति चालवीत असलेल्यांनीं ती बदलणें इष्ट.

दुरुस्ती झाली असें वाटल्यावर तिची परीक्षा दोन्ही बाजूंनीं घ्यावी. अडकलेलें तेंच चांगलें पत्र फाइल म्हणून जपून ठेवावें आणि परीक्षकासमोर पुन्हा चालवावें. गुणपत्रकांतून दोषी नियम गेलेला दिसला पाहिजे. नंतर चाळणी जिवंत आहे कीं नाहीं हेंहि पाहावें, कारण सर्व पत्रें सुटूं लागलीं याचा अर्थ परीक्षक बरा झाला असाच नव्हे, तो झोंपलेलाहि असूं शकेल. यासाठीं जीट्यूब नांवाची एक ठराविक ओळ केलेली आहे. ती निरुपद्रवी असते, परंतु स्पॅमअ‍ॅसॅसिन तिला १००० गुण देतो. ती घातलेलें पत्र स्वतःलाच पाठवावें. तें अडकलें तर चाळणी जागी आहे.

घरीं ज्यांजपाशीं असा संगणक नाहीं, फक्त फोनवर जीमेल आहे, त्यांच्या हातीं नियम किंवा टिपण नसतें. पण स्पॅम नांवाची बाजूची पेटी असते. जीमेलमध्यें त्या पेटींतील पत्रें तीस दिवसांनीं आपोआप पुसलीं जातात. प्रवेशाच्या दिवसांत, मुलाखतींच्या दिवसांत, घरांतील कोणी परगांवीं असेल तेव्हां, ती पेटी आठवड्यांतून एकदां उघडून पाहावी. चांगलें पत्र आढळल्यास तें नुसतें वाचून सोडूं नये. "हें स्पॅम नव्हे" असें नोंदवावें, म्हणजे पुढच्या वेळीं त्या पाठविणारास वाट मिळण्याचा संभव वाढतो. शाळा-कचेऱ्यांतील व्यवस्थापकांनीं सुटलेलीं पत्रें परीक्षकास चांगलीं म्हणून शिकवावीं, ज्यांचीं त्यांस पोहोंचवावीं, आणि पत्र किती दिवस अडकून होतें हेंहि कळवावें. कारण ज्यानें तें लिहिलें तो अजून उत्तराची वाट पाहत असेल, आणि उत्तरांत उशिराचें कारण घालण्याची जबाबदारी पत्र मिळणारावर पडते.